आजारातून उठताना : घरातील रोजचे काम आणि सम्यक स्मृती



दवाखान्यातून घरी सोडताना रुग्णाच्या हाती एक कागद देतात. त्यावर आजाराचे नाव असते, कोणती गोळी कधी घ्यायची ते असते, पुन्हा दाखवायला कधी यायचे ती तारीख असते. परंतु पहाटे नळाला पाणी आले की हंडा कोणी उचलायचा, अंघोळीला एकट्याने जावे की नाही, चहा ठेवता येईल का, भाकरी पुन्हा कधी थापावी, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. खरा आजार मात्र बऱ्याचदा इथूनच जाणवू लागतो. दवाखान्यात सगळेच आजारी असतात, त्यामुळे खाटेवर पडून राहण्यात कमीपणा वाटत नाही. घरी आल्यावर सगळे आपापल्या कामाला लागतात आणि आपण तेवढे भिंतीला टेकून बसलेले असतो.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीभोवती राहणारे आपण बहुतेक जण हातावर पोट असलेली माणसे आहोत. पाळीची ड्युटी, मुलांची शाळा, पाण्याची वेळ या तिन्हींवर आपले घर चालते. अशा घरात एकाला अर्धांगवायू झाला, हृदयविकाराचा झटका आला किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली तर सगळ्या घराचे वेळापत्रक कोलमडते. ते पुन्हा कसे उभे करावे, याविषयी धम्मात काय सांगितले आहे आणि आजचे वैद्यकशास्त्र काय सांगते, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. त्रिरश्मीवरील एक दान

आपल्या अंबडपासून त्रिरश्मी लेणी काही फार लांब नाहीत. पाथर्डी फाट्यावरून तो डोंगर रोज दिसतो. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, परंतु ती बौद्ध भिक्खू संघाची निवासस्थाने आहेत, हे आपण जाणतोच. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या अंगणातील भिंतीवर आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षाचा एक शिलालेख आहे. तो इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील मानला जातो. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने त्या वेळच्या व्यावसायिक श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली, असे त्यात नोंदलेले आहे. ठेव ज्यांच्याकडे ठेवली त्यांत पाण्याची यंत्रे करणारे आहेत, तेल गाळणारे आहेत. ठेवीचा हेतू एकच : त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या संघातील आजारी भिक्खूंना औषध मिळावे.

या लेखाकडे जरा नीट पाहू. एका बाईने पैसा दिला, कारागिरांच्या संघटनांनी तो सांभाळला आणि त्याच्या व्याजातून आजाऱ्याची सोय झाली. मूळ रक्कम मोडायची नाही, असा हा व्यवहार होता. आजारी माणसाची काळजी ही त्याच्या एकट्याची किंवा त्याच्या नशिबाची बाब नाही, ती समाजाने आखून करायची गोष्ट आहे, हा विचार आपल्या उशाशी असलेल्या डोंगरात सुमारे सतराशे वर्षांपासून कोरलेला आहे.

२. ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही तो भिक्खू

विनयपिटकातील महावग्गात, चीवरक्खंधकात, एक प्रसंग आला आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आयुष्मान आनंदासह तेथून जात असताना त्यांनी त्याला पाहिले. तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही का, असे त्यांनी विचारले. त्याने नाही म्हटले. का नाही, असे विचारल्यावर त्याने जे कारण सांगितले ते मन चिरून टाकणारे आहे : मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडलो नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत.

तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. त्यांनी पाणी घातले, आनंदाने अंग धुतले. नंतर एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला खाटेवर निजविले. मग संघाला बोलावून त्यांनी समज दिली. तुमची काळजी घ्यायला येथे आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांची घेतली नाही तर कोण घेणार, असा तिचा आशय होता. माझी सेवा करण्याची ज्याची इच्छा असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असेही त्यांनी सांगितले.

या कथेतून आपण सहसा सेवेचा बोध घेतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या भिक्खूचे उत्तर पुन्हा वाचा. आपण उपयोगाचे नाही, म्हणून आपली काळजी घेतली जात नाही, हे त्याने मान्य करून टाकले होते. आजारातून उठणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हीच भीती असते. कमावता माणूस विचार करतो, पगार बंद झाला, आता आपली घरात किंमत काय? गृहिणी विचार करते, स्वयंपाक सुनेने हाती घेतला, आता आपले काय काम? भगवंतांनी त्या भिक्खूला आधी उपयोग सिद्ध करायला सांगितले नाही. माणसाची काळजी त्याच्या उपयोगावर अवलंबून नसते, हा पहिला धडा. हा धडा पक्का झाल्यावरच दुसऱ्या धड्याकडे जाता येते. तो असा की, माणसाला स्वतःच्या हातांनी काही करता येणे हीसुद्धा त्याची गरज असते.

याच ठिकाणी शुश्रूषा करण्यास सोपा रुग्ण कोणता आणि योग्य शुश्रूषा करणारा कोणता, त्यांची पाच पाच लक्षणे सांगितली आहेत. विद्यार्थ्यांनी ती ध्यानात ठेवावीत.

चांगल्या रुग्णाची लक्षणे : हितकारक असेल ते तो करतो, हितकारक गोष्टीतही प्रमाण ओळखतो, औषध घेतो, दुखणे वाढले असेल तर वाढले, कमी झाले असेल तर कमी झाले, तसेच असेल तर तसेच आहे, हे खरे सांगतो, शरीराच्या वेदना सोसतो.

चांगल्या शुश्रूषकाची लक्षणे : औषध तयार करून देणे त्याला जमते, पथ्य कोणते आणि कुपथ्य कोणते हे त्याला कळते, पथ्य तो आणतो आणि कुपथ्य दूर ठेवतो, लाभासाठी नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करतो, मलमूत्र, थुंकी, उलटी काढताना किळस करीत नाही, आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाच्या मनाला उभारी देतो.

रुग्णाचे दुसरे लक्षण आणि चौथे लक्षण यांकडे विशेष लक्ष द्यावे. घरातील काम पुन्हा हाती घेण्याचा सगळा मार्ग या दोहोंत आहे : प्रमाण ओळखणे आणि खरे सांगणे.

३. काठी टेकीत आलेला गृहस्थ

आता संघातून गृहस्थाच्या घरात येऊ. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात नकुलपिता आणि नकुलमाता या जोडप्याची कथा आहे. भग्ग देशातील सुंसुमारगिरी येथील हे उपासक आणि उपासिका. नकुलपिता फार आजारी पडला. नकुलमातेने ओळखले की, याला दुखण्यापेक्षा काळजी जास्त पोखरते आहे. ती त्याला म्हणाली की, मनात चिंता ठेवून जाऊ नका. मग तिने एकेक चिंता घेतली. सूत कातणे आणि लोकर पिंजणे मला येते, मुलांचे पोषण मी करीन, घर चालवीन. मी दुसरे घर करणार नाही. भगवंतांचे आणि संघाचे दर्शन सोडणार नाही. माझे शील, माझ्या चित्ताची शांती आणि धम्मावरील माझी श्रद्धा पक्की आहे. असे तिने त्याला सहा प्रकारे आश्वस्त केले.

तिचे बोलणे ऐकताना नकुलपित्याचे दुखणे उतरले. आजारातून उठून फार दिवस झाले नसताना तो काठी टेकीत भगवंतांच्या भेटीला गेला. भगवंतांनी त्याला सांगितले की, नकुलमातेसारखी हित चिंतणारी आणि उपदेश करणारी सहचारिणी लाभणे हा तुझा मोठा लाभ आहे.

येथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, नकुलमातेने त्याला ‘काही काळजी करू नका’ एवढेच म्हणून गप्प केले नाही. काळजी कोणती, ती पोटापाण्याची की मुलांची, हे तिने वेगवेगळे करून सांगितले. आपल्याकडे आजाऱ्यासमोर पैशाचे बोलत नाहीत. त्याला वाईट वाटेल म्हणून भाडे, फी, हप्ता सगळे लपवितात. त्याला ते सगळे कळत असते. लपविल्याने त्याची काळजी कमी होत नाही, तो त्या काळजीसह एकटा पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे ती काठी. नकुलपिता पूर्ण बरा होण्याची वाट पाहत घरी बसला नाही. आधार घेऊन तो निघाला. काठी घेण्यात त्याला लाज वाटल्याचा उल्लेख नाही आणि काठीबद्दल भगवंतांनी काही विचारल्याचाही नाही.

४. माझ्या घरातील एक चूक

येथे माझ्या घरातील एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण चूक आमची होती. माझ्या आईला अर्धांगवायूने उजव्या बाजूने गाठले. जीव वाचला, वाचा बऱ्यापैकी परत आली, पाय थोडा उचलू लागला. उजवा हात मात्र लोंबता राहिला. घरी आणल्यावर आम्ही ठरविले की, आईने आयुष्यभर कष्ट केले, आता तिला काडीही उचलू द्यायची नाही. तिचा डबा, तिची फणी, तिची पिशवी, सगळे आम्ही हातात देऊ लागलो. ती उठली की कोणीतरी ‘बस, बस’ म्हणायचे. दोन महिन्यांनी ती म्हणाली, “दळणाच्या डब्यासारखं कोपऱ्यात ठेवलंय मला. भरला तरी तिथंच, रिकामा तरी तिथंच.”

आमच्या घरी संध्याकाळी भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावण्याचे काम नेहमी आईचे. ते माझ्या मुलीकडे गेले होते. मी आईला म्हणालो, तू डाव्या हाताने लाव. ती तयार होईना. डाव्या हाताने वंदनेची मेणबत्ती कशी लावायची, हा तिचा प्रश्न होता. चारचौघांत डाव्या हाताने जेवायचीही तिला लाज वाटे, म्हणून नातेवाईक आले की ती भूक नाही म्हणायची. धम्म स्वीकारून दोन पिढ्या झाल्या, तरी उजवे आणि डावे, शुभ आणि अशुभ, हे आमच्या घरातून गेलेले नव्हते. ते आईच्या मनात होते आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात होते.

शेवटी माझ्या मुलीनेच तिला विचारले, “आजी, बुद्धांनी कुठं सांगितलंय उजवाच हात पाहिजे म्हणून?” आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने काडेपेटी गुडघ्यांत धरली आणि डाव्या हाताने काडी ओढली. पहिल्या दोन मोडल्या, तिसरी पेटली. त्या दिवसापासून ते काम परत तिचे झाले. पुढच्या आठवड्यात तिने मेथीची जुडी मागून घेतली. एका हाताने जुडी निवडायला तिला दीड तास लागला. तो दीड तास घरात कोणी ‘राहू दे’ म्हणाले नाही, हे आम्हाला जमलेले पहिले शहाणपण होते.

५. वाकणे, पसरणे, खाणे, पिणे : हाच अभ्यास

दीघनिकायातील महासतिपट्ठान सुत्तात संप्रजन्याचा, म्हणजे जाणीवपूर्वक वागण्याचा, एक भाग आहे. त्यात साधकाने कोणत्या क्रिया जागृतपणे कराव्यात याची यादी येते. पुढे जाणे, मागे येणे, पाहणे, हातपाय आखडणे आणि पसरणे, वस्त्र वापरणे, खाणे, पिणे, चावणे, मलमूत्र विसर्जन, चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे, जागे होणे, बोलणे आणि गप्प राहणे. निरोगी माणूस ही यादी वाचतो तेव्हा त्याला वाटते, यात काय विशेष? पक्षाघातातून उठलेल्या माणसाने ती वाचावी. त्याच्या संपूर्ण दिवसाची परीक्षा त्या यादीत आहे.

आजचे पुनर्वसनशास्त्र जवळजवळ याच क्रियांपासून सुरुवात करते. खाणे, अंघोळ, कपडे, शौच, उठणे आणि चालणे यांपैकी रुग्णाला काय स्वतः जमते आणि कशाला मदत लागते, हे प्रथम पाहतात. या शास्त्राच्या एका शाखेला व्यवसायोपचार म्हणतात. व्यवसाय म्हणजे येथे नोकरीधंदा नव्हे, तर माणूस दिवसभर जे जे करतो ते सर्व. भारतात या विद्येची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाली आणि ती काढण्यात पुढाकार होता कमला निंबकर यांचा. त्या जन्माने अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्राच्या झाल्या. माणसाचा हात बरा करायचा तर त्या हाताला त्याच्या ओळखीचे काम द्यावे, हे या विद्येचे सूत्र आहे. कणीक मळणे, शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे बोटांना व्यायाम देतात आणि वर घरच्यांच्या उपयोगीही पडतात.

धम्माचा आणि या विद्येचा मेळ येथे बसतो. सवयीने होणारे काम आजारानंतर सवयीने होत नाही, ते लक्ष देऊनच करावे लागते. उठण्यापूर्वी क्षणभर थांबणे, पाय जमिनीवर नीट टेकला आहे का ते पाहणे, मग भार टाकणे, ही सम्यक स्मृतीच आहे. तिच्यात चूक झाली तर माणूस पडतो, इतकी ती प्रत्यक्ष आहे.

६. वीणेची तार

सोण कोळिविस नावाचा भिक्खू अतिशय सुकुमार होता. त्याने चंक्रमण करण्याचा इतका अट्टहास केला की पाय फुटून रक्त आले. तो निराश होऊन घरी परत जाण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले की, तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडली तर? दोन्ही वेळा त्याने नाही म्हटले. प्रयत्नाचेही तसेच आहे, असे भगवंतांनी त्याला समजाविले. मग त्यांनी त्याला पादत्राण वापरण्याची मोकळीकही दिली, हे लोक विसरतात. उपदेशाबरोबर सोयही पाहिजे.

आजारातून उठणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे दिसतात. एक जण बरे वाटले त्या दिवशी आठवड्याचे काम उरकतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतो. दुसरा पडेन या भीतीने खुर्ची सोडत नाही, त्यामुळे हातपाय आणखी आखडतात. पक्षाघातानंतर किंवा मोठ्या आजारानंतर येणारा थकवा हा आळस नसतो, तो आजाराचाच भाग असतो. म्हणून कामाचे तुकडे करावेत, तुकड्यांमध्ये विश्रांती घ्यावी आणि ती थकण्यापूर्वी घ्यावी. आज जेवढे सहज झाले त्यापेक्षा थोडेसेच पुढच्या आठवड्यात वाढवावे.

७. घरातील काम परत घेताना

खालील सूचना सर्वसाधारण आहेत. आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐकावे.

(१) क्रम ठरवा. आधी स्वतःच्या अंगाचे काम : तोंड धुणे, जेवणे, कपडे घालणे. मग बसून होणारे काम : भाजी निवडणे, घड्या घालणे, मुलांचा अभ्यास घेणे. मग उभे राहून होणारे. ओझे, उंची आणि विस्तव यांचे काम सर्वांत शेवटी.

(२) कपडे घालताना अधू हात आधी बाहीत घालावा, काढताना चांगला हात आधी काढावा. हे बसूनच करावे.

(३) काठी अधू पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय वर ठेवावा, उतरताना आधी अधू पाय खाली ठेवावा. रुग्णाला उठविताना अधू हात धरून ओढू नये, खांदा दुखावतो.

(४) न्हाणीघरात बरेच अपघात होतात. फरशी कोरडी ठेवावी, बसायला पक्के स्टूल ठेवावे, भिंतीला धरायला दांडी बसवावी, आतून कडी लावू नये. देशी पद्धतीच्या शौचालयात बसता येत नसेल तर कमोडची खुर्ची मिळते. अधू हाताला उष्णता कळत नसेल तर पाणी नेहमी चांगल्या हाताने पाहावे.

(५) ओट्याजवळ उंच स्टूल ठेवून बसून काम करावे. एका हाताने विळीवर चिरणे धोक्याचे आहे. सुरी घ्यावी आणि पाटाखाली ओले फडके ठेवावे, म्हणजे पाट सरकत नाही. पातेले आधी गॅसवर ठेवून मग पेल्याने त्यात पाणी घालावे. भरलेले गरम पातेले उचलू नये, पळीने काढून घ्यावे. सुरुवातीला गॅस पेटविताना आणि बंद करताना कोणीतरी जवळ असावे.

(६) जेवताना ताठ बसावे, लहान घास घ्यावेत. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

(७) पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा हृदयविकाराच्या झटक्यानंतर भरलेला हंडा, गॅसची टाकी, दळणाचा डबा उचलण्याची घाई करू नये. किती आठवडे थांबायचे ते डॉक्टरांना नेमके विचारावे. ‘हलके काम करा’ एवढ्यावर उठून येऊ नये. “मी हंडा उचलू का? जिना किती वेळा चढू? ड्युटीवर कधी जाऊ?” असे प्रश्न लिहून न्यावेत.

(८) मधुमेहाचे इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर काम वाढविताना जेवणाची वेळ चुकवू नये. घाम, थरथर, घेरी आली तर साखर कमी झालेली असू शकते. साखर जवळ ठेवावी.

(९) छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे यांपैकी काही झाले तर काम जागच्या जागी सोडावे आणि सांगावे. तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. ती दिसताच मालीश, उतारा, अंगारा यांत एक मिनिटही घालवू नये. मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि ते कोणाला द्यायचे हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवितात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हा क्रमांक घरातील लहान मुलांनाही पाठ असावा.

(१०) रुग्ण आठवडेच्या आठवडे उदास असेल, रडत असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल तर त्याला कमकुवत मनाचा म्हणू नये. मोठ्या आजारानंतर असे होते, त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगावे.

८. तिची रजा कोणी मंजूर करावी?

कारखान्यातील विमाधारक कामगार आजारी पडला तर राज्य कामगार विमा योजनेतून, अटी पूर्ण होत असल्यास, सरासरी वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा लाभ मिळतो. ठरावीक दीर्घ आजारांत तो वाढीव दराने आणखी मुदतीसाठी मिळू शकतो. ही योजना १९४८ च्या कायद्याने आली आणि तिच्यामागे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांच्या काळातील प्रयत्नही आहेत. कामगाराने आपला हक्क जरूर मागावा. कार्ड आणि प्रमाणपत्र वेळेवर द्यावे.

पण त्याच कामगाराच्या घरातील बाई आजारी पडली तर? तिच्या उपचाराची सोय नवऱ्याच्या विम्यातून होते, परंतु तिच्या रजेची सोय कोणत्याही कायद्यात नाही. टाके काढल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या रांगेत दिसते. पुरुषाला घरात ‘बस, बस’ म्हणणारे पुष्कळ असतात, तिला ‘आता बरी आहेस ना’ म्हणणारे जास्त. पुरुषाकडून सगळे काम काढून घेतले जाते, बाईवर सगळे काम परत टाकले जाते. दोन्हींत रुग्णाला विचारलेले नसते. समतेचा विचार सांगणाऱ्या आपल्या घरांत तरी तिची रजा कुटुंबाने मंजूर करावी. किती दिवस, कोणते काम कोण करणार, हे मुलांसह बसून ठरवावे. आजारी पडण्यापूर्वीच घरातील मुलग्यांना भात लावता येत असेल तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

९. बाबासाहेबांचे उदाहरण

बाबासाहेबांना मधुमेह होता. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असतानाच १९४७-४८ च्या सुमारास त्यांच्या पायांचे दुखणे आणि निद्रानाश बळावला. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. माईसाहेबांनी त्यांचे इन्सुलिन, पथ्य आणि विश्रांती यांची व्यवस्था हाती घेतली. याचे तपशील माईसाहेबांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात आहेत. पुढे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी ते काठी आणि सहकाऱ्याचा आधार घेऊनच उभे होते.

आपण या छायाचित्रांतील तेज पाहतो, काठी पाहत नाही. ती पाहिली पाहिजे. आधार घेऊन काम करणे हे कमीपणाचे असते तर आपल्या इतिहासातील सर्वांत मोठा दिवस तसा उगवला नसता. मात्र प्रकृतीची हेळसांड करून राबावे, असा अर्थ कोणी यातून काढू नये. त्यांचे शरीर वयाच्या ६५ व्या वर्षी थकून गेले, ही आपली हानीच झाली.

१०. आपण काय करू शकतो

विष्णुदत्तेने ठेव ठेवली. आपल्याला तेवढे जमले नाही तरी एवढे निश्चित जमेल : संस्थेच्या मालकीची एक चाकाची खुर्ची, एक कमोडची खुर्ची, दोनचार काठ्या आणि एक वॉकर घ्यावा. लागेल त्या घराने न्यावा, काम झाले की धुऊन परत आणावा. आजारी सभासदाच्या घरी भेटीला जाणाऱ्याने फळांबरोबर एक तास न्यावा, म्हणजे त्या घरातील शुश्रूषा करणाऱ्या बाईला तेवढा वेळ मोकळा मिळेल. आणि रविवारच्या वंदनेला आजारातून उठलेला सभासद आला तर त्याच्यासाठी भिंतीलगत खुर्ची ठेवावी, तो मागून न घेता.

महापरिनिब्बान सुत्तात सांगितले आहे की, बेलुवगामच्या वर्षावासात भगवंत कठीण आजारातून उठले आणि विहाराबाहेर सावलीत आसनावर येऊन बसले. आपले शरीर वाद्यांनी बांधून चालविलेल्या जुन्या गाड्यासारखे झाले आहे, असे त्यांनी आनंदाला सांगितले. त्यांनी ते लपविले नाही आणि त्या गाड्याने पुढचा प्रवासही केला. आपल्या घरातील जुनी गाडी चालती राहावी म्हणून एखादी वादी आपल्यालाही बांधता आली पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. आजारी भिक्खूने आपल्याकडे कोणी पाहत नाही याचे कोणते कारण सांगितले? ते कारण भगवंतांनी का मान्य केले नाही?
२. चांगल्या रुग्णाची आणि चांगल्या शुश्रूषकाची पाच पाच लक्षणे लिहा. आपल्या घरात त्यांपैकी कोणते लक्षण कमी पडते?
३. नकुलमातेने नवऱ्याची काळजी कशी दूर केली? आपल्या घरी आजाऱ्यापासून काय लपविले जाते?
४. त्रिरश्मी लेणी पाहायला जा. दहाव्या लेण्याच्या अंगणातील शिलालेख शोधा आणि विष्णुदत्तेच्या दानाविषयी दहा ओळी लिहा.
५. एक दिवस जेवण, अंघोळ, कपडे हे सर्व फक्त डाव्या हाताने करून पाहा. संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्यांना काय वाटले ते सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!